पंथ सोडलेल्या घरातलं जेवण

मी पंथ सोडला तेव्हापासून तीन वर्षं आई माझ्या घरी जेवली नव्हती. पाणीसुद्धा प्यायली नव्हती. या काळात ती महाडला नऊ वेळा आली. नऊही वेळा तिच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी होती. ती आत येऊन बसायची, नातीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि दुपार झाली की आपलं फडकं आपणच सोडायची. माझी बायको सवयीने चहाला पाणी ठेवायची आणि मग एक कप परत मांडणीवर ठेवायची. आईने एकदा तरी माझ्या हातचं खावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती मी तिला नीट सांगितलीही नव्हती.

पंथाचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्याशी माझं भांडण नाही आणि त्यांनी आमच्या वाडीचं भलंही केलं आहे. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या सपाटीवर. एकवीस घरं, म्हशी, शेळ्या, उतारावर नाचणी आणि वरी. आजोबांच्या तरुणपणी तिथे घरोघरी दारू होती. पंथ आला आणि एका पिढीत दारू गेली. वडिलांनी आईवर कधी हात उचलला नाही, आणि त्या वेळच्या वाडीत ही साधी गोष्ट नव्हती. दारू गेली आणि बत्तीस नियम आले. गावच्या पालखीला खांदा द्यायचा नाही. जत्रेला जायचं नाही. पंथाबाहेरच्या हातचं शिजलेलं खायचं नाही, बाहेरच्याने भरलेलं पाणी प्यायचं नाही. दर पौर्णिमेला मेळा भरायचा. तिथे प्रत्येकाने उभं राहून महिन्याभरात मोडलेला नियम आपल्या तोंडाने सांगायचा, आणि प्रमुखांनी त्यावर उपास द्यायचा.

मला हे सगळं आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. माझा स्वभावच मोजणाऱ्याचा. पुढे नोकरीही जमीन मोजण्याची लागली. बत्तीस नियम मला आठव्या वर्षी क्रमाने पाठ होते. कोणी सतरावा म्हणून अठरावा सांगितला तर मी भर मेळ्यात दुरुस्त करायचो. आई तोंडाला पदर लावून हसायची. मोठा भाऊ घरी आल्यावर टपली मारायचा.

मोठ्या पुराच्या वर्षी आमच्या गल्लीतले तळमजले बुडाले. मी, बायको आणि मुलगी समोरच्या मुस्लिम कुटुंबाच्या गच्चीवर तीन दिवस होतो. त्यांच्याकडे तांदूळ, डाळ आणि एक सिलिंडर होता. त्यांनी खिचडी केली, आम्ही खाल्ली. एकूण सात वेळा. रस्ता सुरू झाल्यावरच्या पहिल्या पौर्णिमेला मी वाडीवर गेलो, उभा राहिलो आणि सातही वेळा सांगितल्या. न सांगता कोणाला कळलं नसतं, पण न सांगणं मला जमलं नसतं.

"संकट होतं," प्रमुख म्हणाले. "सात उपास कर आणि चूक झाली म्हण. मोकळा झालास."

"उपास करतो," मी म्हणालो. "पण चूक झाली असं नाही म्हणणार. त्या माणसांनी आम्हाला जगवलं."

"चूक नाही तर मग उपास कसला करतोस?"

मी खाली बसलो. मग उठलो आणि मेळ्यातून, पंथातूनच बाहेर पडलो. पायवाटेवर भाऊ मागून धावत आला. "एक शब्द तर म्हणायचा होता. जीभ झिजली असती काय तुझी?" मी वाट उतरत राहिलो. त्यानंतर आम्ही दोघं बोललोच नाही.

बायकोने पंथ लग्नानंतर घेतला होता. तो सोडताना तिला फारसं काही वाटलं नाही. माझं मात्र अवघड झालं. इतकी वर्षं सकाळी उठलं की आज काय करायचं नाही हे मला ठाऊक असायचं. आता सगळंच करायला मोकळीक होती, आणि काय करावं ते सुचत नव्हतं. हॉटेलात मिसळ मागवली तर निम्मी तशीच ठेवून उठायचो.

त्याच हिवाळ्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरामागच्या परड्याची मोजणी माझ्याकडे आली. त्यांना मी बाई म्हणतो, सगळं गावच म्हणतं. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. ओसरीवर दोरीला पुस्तकं वाळत घातली होती, पुरात भिजलेली. पानं फुगून पापडासारखी झाली होती. मी मोजणी उरकली आणि विचारलं, ही कसली पुस्तकं?

"थिऑसॉफीची. जुने लोक ब्रह्मविद्या म्हणायचे. एक घेऊन जा. नाही पटलं तर परत आणून द्या."

"आणि पटलं तर?"

"तरी परत आणून द्या. माझं आहे ते."

असा माझा प्रवेश झाला. दर रविवारी सकाळी दहाला बाईंच्या ओसरीवर सहा माणसं जमत, मी सातवा. एकाने एक परिच्छेद वाचायचा, मग सगळ्यांनी बोलायचं. मार्चमध्ये तळ्यावर लोक येतात, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, तेवढा एक रविवार सुट्टी. पहिल्या दिवशी मी वही उघडून विचारलं, "यात मानायचं काय काय असतं?" बाई म्हणाल्या, जात, धर्म, वंश, बाई-पुरुष असा भेद न करता माणसं एकमेकांची भावंडं आहेत, एवढं मानलं तरी पुरे. बाकी सगळे धर्म शेजारी शेजारी ठेवून वाचायचे, आणि निसर्गात व माणसात जे अजून उलगडलेलं नाही त्याचा शोध घ्यायचा. तो लागेलच असं नाही.

"एवढंच?"

"तुम्हाला किती हवं होतं?" हा प्रश्न चाचांचा. चाचा आखातात सव्वीस वर्षं क्रेन चालवून परत आलेले. पाच वेळची नमाज कधी चुकवत नाहीत आणि रविवारी दहाच्या ठोक्याला ओसरीवर असतात. त्यांना मी एकदा विचारलं, हे दोन्ही जमतं कसं? ते म्हणाले, "क्रेनमध्ये बसलं की खालची सगळी साइट दिसते. खाली उतरलं की मी माझ्या खोलीतच झोपायला जातो."

मी ती पुस्तकं जमीन मोजावी तशी वाचली. माणसाची सात अंगं, सृष्टीची सात भुवनं, युगांची प्रचंड वर्षं. माझी बेरीज सुरू झाली. दोन पुस्तकांतले युगांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. आठवडाभर मी ते तीन रीतींनी मांडून पाहिले आणि रविवारी चोरासारखा ओसरीवर गेलो. मेळ्यात असं काही बोललो असतो तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. बाईंनी चष्मा लावला, दोन्ही पानं पाहिली, माझी बेरीज पाहिली. मग पेन्सिल घेऊन पुस्तकाच्या समासात लिहिलं, 'जुळत नाही'. आणि म्हणाल्या, "हं, पुढे वाचा."

त्या दोन शब्दांनी मला जे वाटलं ते सांगणं अवघड आहे. घरी जाताना मी सायकल हातात धरून चालत गेलो, एवढं आठवतं.

त्या पुस्तकांतलं सगळं मला पटलं नाही. हिमालयापलीकडच्या गुप्त महात्म्यांबद्दल मी आजही काही म्हणू शकत नाही. पुनर्जन्माच्या पुढे माझ्या वहीत 'माहीत नाही' असं लिहिलं आहे. हे उत्तर मला पूर्वी कोणी देऊच दिलं नव्हतं.

आणि तरीही मी एक चूक केली. पाचव्या महिन्यात मी आमच्या त्या सात जणांच्या बैठकीसाठी नियम तयार केले. बारा नियम, पुठ्ठ्यावर, स्केचपेनने, समास आखून. रोज किती मिनिटं ध्यान, किती पानं वाचन, आहारात काय नको. ओसरीवर उभं राहून मी ते मोठ्याने वाचले.

"बारावा परत वाचा," बाई म्हणाल्या.

"जो सलग तीन रविवार येणार नाही, त्याचं नाव कमी करावं."

"आणि तो चौथ्या रविवारी आला तर? त्याला चहा द्यायचा की नाही?"

मी खरोखरच विचार करू लागलो. चाचा आधी हसले, मग सगळेच. "साहेब, घर सोडलंत ते सोडलंत, पण विटा काढून आणल्यात बरोबर!" मलाही हसू आलं, पण कान तापले होते. पुठ्ठा उलटा करून आम्ही त्यावर पुरात भिजून फुगलेली पुस्तकं दाबायला ठेवली.

आईशी मात्र माझं वागणं बदललं नव्हतं. फोनवर मी तिला वाचून दाखवायचो, सगळे धर्म कसे एका मुळाशी जातात, विश्वबंधुत्व म्हणजे काय. ती ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "सगळ्या जगाशी भावासारखा वागतोस, बरं हाय. सख्ख्या भावाला फोन लावायला काय होतं रे तुला?" मी म्हशीची चौकशी करून फोन ठेवला.

मग गेल्या वर्षी भावाचाच फोन आला. आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. "डॉक्टर म्हणतो धा दिवस महाडातच ठेवा. धूर नको, वाफ नको, वाकायचं नाय. वाडीवर जमायचं नाय ते."

"माझ्याकडे ठेव."

"ठेवतो. पण खाईल काय ती?"

तीन वर्षांनी आम्ही बोललो ते एवढंच. शेवटी असं ठरलं की महाडमधलं पंथाचं एक घर दोन्ही वेळचा डबा देईल. भावाने आईला गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरवलं आणि तो तिथूनच माघारी गेला. आमचं घर आता दुसऱ्या मजल्यावर आहे. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. थेंब दिवसातून सहा वेळा घालायचे होते, त्याचा तक्ता मी फ्रिजवर लावला. पाण्याचा प्रश्न आईनेच सोडवला. फिल्टरची तोटी ती स्वतः दाबायची, भांडं स्वतः धरायची. "मीच भरलं," एवढं म्हणायची नि प्यायची. पण तिसऱ्या दिवशी डबेवाल्या घरातल्या सुनेला मुंबईत बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या आणि सगळं घर कुलूप लावून गेलं. डबा बंद. आईने दोन्ही वेळा केळी आणि खजूर खाल्ले.

"पोट भरलं माझं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच. माझी मुलगी कॉलेजात आहे, तिला राहवेना. "आजी, चवदार तळं इथून आठ मिनिटांवर आहे. आणि आपल्याच घरात तू हे खाणार नाहीस, ते खाणार नाहीस?"

"अगो, मला तुमचा विटाळ नाय. मी शपथ घेतलीय."

"पण समोरच्याला काय वाटतं, आजी?"

काळ्या चष्म्यामुळे आईचे डोळे दिसत नव्हते. मग मी सुरू झालो. तीन वर्षांत वाचलेलं सगळं मी तिच्यापुढे मांडलं, मुद्द्यांना क्रम देऊन. ती ऐकत होती आणि खजुराच्या बिया बशीत एका बाजूला सारत होती. माझा सहावा मुद्दा संपला तेव्हा म्हणाली, "झालं? थेंबाची वेळ झाली बघ."

थेंब घातले, नवी बाटली आणायला म्हणून बाहेर पडलो आणि बाईंच्या घरी गेलो. उभ्यानेच सगळं सांगितलं. बाई गवार निवडत होत्या.

"तुम्हाला आईचं मत बदलायचंय, की आईला जेवू घालायचंय?"

"दोन्ही."

"आज संध्याकाळी काय करायचंय?"

परत येताना मी औषधाच्या दुकानापुढून पुढे निघून गेलो, मग वळलो. मला आईला जेवू घालायचं नव्हतंच. तिने नियम मोडावा एवढंच हवं होतं. माझं बरोबर होतं हे तिच्या तोंडातल्या घासाने सिद्ध व्हायला हवं होतं. तो बारा नियमांचा पुठ्ठा आणि हे, दोन्ही सारखंच होतं.

घरी पोचेपर्यंत मला एकोणिसावा नियम आठवला. लग्नाच्या मांडवात मोठ्या भांड्यांना पंथाची माणसं पुरायची नाहीत, बाहेरचे मदतीला लागायचे. म्हणून तो नियम होता. पंथातल्या बाईने नाम घेऊन धान्याची पहिली मूठ भांड्यात टाकली की स्वयंपाक तिचा. मग ढवळायला कोणीही चालतं.

मी पातेलं, तांदूळ आणि पाणी आईपुढे टेबलावर ठेवलं. "एकोणीस," म्हणालो.

तिला कळायला एक क्षणही लागला नाही. "तो मांडवासाठी हाय रे."

"नियमात मांडव हा शब्द नाही. मला पाठ आहेत."

"तुला कसले पाठ? तू सोडलेस ना?"

"सोडले. विसरलो नाही."

ती हसली. चष्मा नाकावर खाली आला तो तिने वर ढकलला. मग ओठातल्या ओठात नाम घेतलं आणि पहिली मूठ पातेल्यात टाकली. डाळीलाही तसंच. मी गॅसजवळ, ती खिडकीशी खुर्चीवर.

"मीठ घातलंस?"

"अर्धा चमचा."

"चमच्यानं काय घालतोस, हातानं घाल. आवाज कसला आला? जिरं जाळलंस तू!"

"जाळलं नाही. लाल झालंय."

"मला डोळ्यानं दिसत नाय, नाकानं दिसतं."

जिरं जळलंच होतं. तिने तो वरणभात खाल्ला, दोनदा घेऊन. मुलगी पाहत राहिली. बायकोने पान वाढलं आणि आत गेली, थोड्या वेळाने आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. पुढचे पाच दिवस दोन्ही वेळा आम्ही असाच स्वयंपाक केला. भाकरीसाठी पिठाची मूठ, भाजीसाठी कांद्याची मूठ. माझी भाकरी शेवटपर्यंत गोल झाली नाही.

मधल्या रविवारी बाईंकडे रंगकाम होतं, म्हणून बैठक माझ्या घरी भरली. आपण मनात आणतो त्याचा दुसऱ्यावर परिणाम होतो का, असा विषय होता. आई दाराशी खुर्ची घेऊन बसली. तासभर तिने ऐकलं आणि मग विचारलं, "तुमच्यात पुढं कोण बसतं?"

"कोणीच नाही, आजी," चाचा म्हणाले. "तुम्ही बसा."

"मला दिसत नाय नि मी पुढं बसू?"

"आम्हाला तरी कुठे फारसं दिसतंय!"

आई हसली. "मग चुकलं ते कोण सांगतं?"

"ज्याचं त्याला कळतं," बाई म्हणाल्या. "कधी कधी फार उशिरा."

आईने माझ्या दिशेने हनुवटी केली. "याला कळतं?"

"यांना मोजून कळतं."

दहाव्या दिवशी भाऊ तिला न्यायला आला, पुन्हा गल्लीच्या तोंडाशीच थांबला. मी पिशवी खाली नेऊन दिली. आई रिक्षात बसली तशी मला धास्ती वाटू लागली. चार दिवसांनी पौर्णिमा होती. ती मेळ्यात उभी राहणार आणि खरं सांगणार, याची मला खात्री होती. माझ्यासारखंच तिचंही होईल का? वाडी हेच तिचं जग होतं. मला महाड होतं, नोकरी होती, बाईंची ओसरी होती. तिला मेळ्यातून उठावं लागलं असतं तर ती कुठे गेली असती? माझ्या हुशारीने मी तिला कशात घातलं, हा विचार चार दिवस गेला नाही.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला.

"सांगितलं तिनं," तो म्हणाला. "सगळं. मूठ नि काय ते. प्रमुख म्हणाले, एकोणिसावा मांडवासाठीच हाय, सोडलेल्याच्या घरी चालत नाय. एक उपास दिला."

"आणि?"

"आणि काय? तिनं विचारलं, सगळ्या दिवसांचा मिळून एकच? ते म्हणाले, एकच. सगळा मेळा हसला. थांब, देतो तिला."

आईचा आवाज आला. उपास आजच आहे आणि तो जाणवत नाही, म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याचं कधी म्हणाला रे डॉक्टर?"

"दोन महिन्यांनी."

"त्या वेळी मूठबीठ नको. उगाच मला खुर्चीवर बसवून ठेवतोस आणि जिरं जाळतोस. सून करील ते खाईन. येऊन एक उपास करीन. महाग नाय."

"आणि चूक झाली म्हणायला लावलं?"

"मी म्हणाले की कालच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू नाय म्हणालास, ते तुझं खरं," ती म्हणाली. "मी म्हणाले, ते माझं खरं. डोळ्यानं बरं दिसतंय. समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या मोजता येतात."

फोन पुन्हा भावाकडे गेला.

"सोडायला मीच येईन," तो म्हणाला. "खाणार-पिणार काय नाय, आधीच सांगतो. पण वर येऊन बसेन."

"ये," मी म्हणालो.